मानाचा नारळ

“ही काय शाल हाय व्हय? असलं फडकं आमची आई चुलीवरनं भगुलं उतरायला घेती.”

गुंडूचं पुटपुटणं मेहमुदाच्या थेट कानात पडलं. तालमीच्या सोप्यात बायकांची सतरंजी भिंतीकडेला होती आणि तिला लागूनच पुरुषांची. तालमीच्या फुटबॉल टीमचा हा एकेकाळचा गोलकीपर तिच्यामागे हातभर अंतरावर मांडी घालून बसला होता.

“गप गा,” शेजारचा कुणीतरी म्हणाला.

“गप काय गप? माणसाला काढायचंच ठरवलं तर जरा उबदार तरी काढायचं. तेरा वर्षं टीमचा म्यानेजर हुता त्यो.”

सगळे टाळ्या वाजवत होते. मेहमुदाही वाजवत होती. ऐकलेलं डोक्यात शिरलं तरी हात थांबले नाहीत. आपल्या नवऱ्याला काढलं तेव्हा आपण टाळ्या वाजवत होतो, ही गोष्ट पुढे तिला फार दिवस टोचत राहिली.

समोर चिंचेच्या तालमीचा अध्यक्ष पिराजी तिच्या नवऱ्याच्या खांद्यावर ती शाल घालत होता. शमशुद्दीन नदाफ अठ्ठेचाळीस वर्षांचा, पण गळ्यात हार पडला की नवरदेवासारखा लाजायचा. पिराजीने त्याच्या हातात नारळ दिला, दोघांनी एकमेकांना मिठी मारली आणि पिराजीने डोळे पुसले. त्याआधी दहा मिनिटं त्याने भाषण केलं होतं. त्यात ‘झिजले’, ‘घडवलं’, ‘कष्ट घेतले’ अशी क्रियापदं ठासून भरलेली होती, पण ‘आता’ हा शब्द एकदाही नव्हता. मेहमुदाला तेव्हा ते भाषण फार गोड वाटलं होतं.

नारळ देणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. देवाला देतात, सवाष्णीच्या ओटीत देतात, पाहुण्याला मान म्हणून देतात, आणि कामावरून माणूस काढला की त्यालाही नारळच दिला म्हणतात. एकाच फळाला इतकी कामं लावल्यावर कधीतरी घोटाळा व्हायचाच. तो त्या गुरुवारी चिंचेच्या तालमीत झाला.

घरी आल्यावर शमशुद्दीनने शाल खुंटीला अडकवली आणि नारळ फळीवर जिंकलेल्या ढालीशेजारी ठेवला. मेहमुदाने मुद्दाम खडा टाकून पाहिला.

“उद्या चटणी वाटू काय ह्याची?”

“खुळी का काय तू? रविवारी मैदानात फोडायचा हाय त्यो. मठाच्या तालमीबरोबर पहिलाच सामना. म्हणून तर पिराजीनं मुद्दाम माझ्या हातात दिला.”

घरात ही दोघं आपल्या दखनीत बोलायची, पण फुटबॉलचा विषय निघाला की शमशुद्दीन मराठीवर यायचा. ‘पास दे रं’ ह्यात जी गंमत आहे ती दखनीत येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. त्यामुळे वर्षातले आठ महिने त्यांचा संसार मराठीतच चालायचा.

स्पर्धेच्या पहिल्या सामन्याआधी मैदानाच्या कडेला म्यानेजरने नारळ फोडायचा, ही तालमीची जुनी रीत. मुसलमानाने कसा फोडायचा, असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मोहरमात तालमीत पंजा बसायचा तेव्हा मलिदा पिराजीच्या घरून यायचा, आणि हनुमान जयंतीला पाळण्यातली गादी नदाफांच्या घरून. तेरा वर्षं शमशुद्दीनने नारळ फोडले होते. आता चौदावा त्याच्या हातात आला, तर त्याने दुसरा अर्थ का लावावा?

शमशुद्दीन धंद्याने पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-उशा भरायच्या, आणि उरलेला सगळा जीव फुटबॉलमध्ये भरायचा. साठ-एकसष्ट साली त्याच्यासारखा सेंटर हाफ पेठांमध्ये नव्हता. तो मधून चेंडू उचलून द्यायचा आणि कडेने पिराजी सुसाट सुटायचा. पेठेत म्हणायचे, शमशू पिंजतो आणि पिराजी भरतो. मेहमुदा लग्न होऊन नेसरीहून आली ती ह्याच गोंगाटात. सामना तिने कधी पाहिला नाही, बायका मैदानात जात नव्हत्या. पण फुटलेला चेंडू दाभणाने शिवायचा, नडगीच्या पट्ट्यांत कापूस भरायचा, हे तिने इतकं केलं की टीमच्या प्रत्येक गड्याची नडगी तिला मापानिशी पाठ होती.

पासष्ट साली मठाच्या तालमीविरुद्ध खेळताना त्याचा गुडघा गेला. डॉक्टरांनी पिराजीला आणि मेहमुदाला बाहेर बोलावून सांगितलं की गुडघ्यातली गादी फाटलीय, हा आता खेळणार नाही. पिराजी आत गेला आणि म्हणाला, “काय न्हाय गा शमशू, चार दिसात पळशील.” सगळी तालीम तेच म्हणायला लागली. आठ महिने तो माणूस गुडघ्याला फडकी गुंडाळून रोज पहाटे मैदानावर जात होता आणि तोंड पांढरं करून परत येत होता. शेवटी मेहमुदाच्याने बघवलं नाही. एके दिवशी भाकरी वाढता वाढता तिने सांगून टाकलं, “डॉक्टर म्हणालेत, तुम्ही खेळणार न्हाय आता. आत गादी फाटलीया.”

तो हसला. म्हणाला, “गाद्या भरायचं काम माझंच हाय की.” आणि ताटावरून उठला तो पाच महिने तिच्याशी बोलला नाही.

पाच महिने. दुकानातल्या गिऱ्हाइकाशी बोलायचा, शेजाऱ्याशी बोलायचा, मांजराशी तर इतकं बोलायचा की ते बिचारं वैतागून परड्यात जाऊन बसायचं. मेहमुदा वाढेल ते जेवायचा, देईल ते घालायचा, आणि तिच्यातून आरपार बघायचा. डॉक्टरवर राग नाही, खोटं बोलणाऱ्या पिराजीवर राग नाही, राग तिच्यावर. कारण जोवर कुणी बोललं नव्हतं तोवर तो खेळाडू होता. पुढे तालमीने त्याला म्यानेजर केलं, त्या दिवशी घरी येऊन म्हणाला, “मेहमुदा, चहा टाक.” तो चहा टाकताना तिने मनाशी गाठ मारली, ह्या माणसाला असलं काही सांगायची पाळी पुन्हा आली तर सांगणारी मी नसेन. दुसरं कुणीही सांगू दे.

शुक्रवारी पहाटे तो नेहमीसारखा शिट्टी गळ्यात अडकवून सरावाला गेला. मेहमुदा दारात बसून राहिली. आता कळेल, आता येईल तोंड पाडून. आठ वाजता तो शीळ घालत आला.

“कृष्णात आलाय,” बूट काढता काढता म्हणाला. “आपला कृष्णात गा, पतियाळाला कोर्स करून आलेला. पिराजीनं मला असिस्टंट दिलाय. पोरगं लई गुणी. मी म्हणंल त्याला ‘व्हय मामा’ म्हणतंय.”

मेहमुदाने कपाळावर हात मारून घेतला, तो घाम पुसल्यासारखा करून. म्हणजे कृष्णातलाच म्यानेजर केलं होतं, आणि त्याचीही सांगायची हिंमत झाली नव्हती.

तिने हिशेब केला. शुक्रवार, शनिवार आणि अर्धा रविवार. तेवढ्यात कुणी सांगितलं तर घरात बसून राग काढेल, रडेल, महिनाभर दाढी करणार नाही, पण आपल्या भिंतींआड. नाही सांगितलं तर रविवारी हजारो लोकांसमोर तो नारळ घेऊन मैदानात जाईल. ह्या माणसाला अंगावर लाथ बसलेली चालते, हसू झालेलं चालत नाही.

ती पिराजीच्या गोठ्यात गेली. तो म्हशीची धार काढत होता. तिला बघून त्याने मान म्हशीच्या पोटात आणखी आत घातली.

“पिराजीभाऊ, सांगितलं काय त्यांना?”

“काय ते, वैनी?”

“मला समदं ठाऊक हाय.”

चरवीत दोन-चार धारा पडल्या. “आवं, आमी नारळ दिला की. नारळ दिला म्हंजे काय, ते शेंबड्या पोराला बी कळतंय.”

“त्यांना न्हाय कळालं. रविवारी मैदानात फोडतो म्हणत्यात.”

धार थांबली. म्हशीनेही मान वळवून पाहिलं. पिराजी आवाज खाली आणून अगदी काळजीने म्हणाला, “वैनी, तुमच्यात नारळाचा अर्थ येगळा असतोय काय?”

“व्हय. आमच्यात माणूस काढायचा असला की खजूर देत्यात.”

पिराजीला क्षणभर ते खरंच वाटलं. मग त्याचं तोंड उतरलं.

“वैनी, कमिटीनं ठरवलंय. मी एकटा न्हाय. गेल्या साली सहा म्याची हरलो. मिरजेच्या पोरांनी पाच गोल घातले. आता सगळीकडं सिस्टीमनं खेळत्यात, आणि ह्यो आपला ‘पुढं जावा नि मारा’ म्हणतोय.”

“बरोबर असंल तुमचं. मी कुठं भांडतीया? मी म्हणती, तोंडानं सांगा. अध्यक्ष कोण हाय तालमीचा?”

“मीच की.”

“मग?”

“त्याच्या पासावर मी जलमभर गोल मारलेत, वैनी,” पिराजी म्हणाला. “आज संध्याकाळी येतो. शंभर टक्के सांगतो. म्हशीची आण.”

संध्याकाळी तो आला, पातेलंभर खरवस घेऊन. दीड तास बसला. एकसष्टच्या फायनलचा दुसरा गोल दोघांनी जमिनीवर वाट्या मांडून तीनदा मारला. मेहमुदा चुलीपुढे कान टवकारून बसली होती. प्रत्येक वेळी पिराजी घसा खाकरायचा, ती फुंकणी खाली ठेवायची, आणि तो म्हणायचा, “आन् आठवतंय काय, शमशू...” जाताना चपला घालताना त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खरवस मात्र चांगला झाला होता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

शनिवारी सकाळी ती गुंडूच्या चहाच्या गाड्यावर गेली. सगळ्या पेठेची टिंगल करणारा, कुणाची भीड न बाळगणारा हा माणूस. तिने समोर उभं राहून सांगितलं, “गुरुवारी तुम्ही पाठीमागनं जे बोललासा, ते आता त्यांच्या पुढ्यात बोला.”

गुंडूने कपबशी धुतलेलीच पुन्हा धुतली. “तुम्ही ऐकलासा व्हय? माझ्या तोंडाला हाड न्हाय, वैनी.”

“म्हणून तर आली.”

“वैनी, मी गोलकीपर. येईल ते अडवायचं, एवढंच येतंय मला. मारायचं काम कधी केलं न्हाय.” हे बोलून तो स्वतःच हसायला गेला आणि ते हसू मध्येच मोडलं. “माझी बायको गेली तवा चार रात्री त्यो माझ्याजवळ झोपला हुता. मला सांगा, मी कोणत्या तोंडानं सांगू?”

“त्याच तोंडानं, भाऊ. ज्यानं चार रात्री सोबत केली, त्याला उद्या मैदानात एकटा सोडणार तुम्ही?”

गुंडूने गाळणी झटकली. तिच्यापुढे चहा ठेवला. तिने घेतला नाही.

दुपारी ती उशीच्या अभ्र्याला टाके घालत बसली होती तर कृष्णात आला. अठ्ठावीस वर्षांचा, निळ्या ट्रॅकसूटमधला धिप्पाड गडी, दारात असा उभा राहिला की जणू परीक्षेत नापास होऊन आलाय. हातात नडगीच्या पट्ट्या होत्या.

“मामी, कापूस सरकलाय. जरा भरून देतासा काय?”

तिने पट्ट्या हातात घेऊन बघितल्या. कापूस जिथल्या तिथे होता.

“बस,” ती म्हणाली. “आणि बोल.”

तो बसला. ट्रॅकसूटची साखळी वरखाली करत म्हणाला, “मी नको म्हटलं हुतं, मामी. आईशप्पथ. पयले बूट मला मामांनी दिले. रोज पहाटे ठरवून जातो, आज सांगायचं. मामा लांबनंच म्हणत्यात, ‘या असिस्टंट!’ पोरं माझ्या तोंडाकडं बघत्यात. मी आपला शिट्टीच्या मागनं पळतोय.”

“उद्या काय करणार?”

“काय करणार?” त्याचे डोळे भरून आले. “तुम्ही सांगा, मामी. तुमचं ऐकतील.”

मेहमुदाला ओरडावंसं वाटलं. अध्यक्ष सांगत नाही, मित्र सांगत नाही, ज्याला जागा दिली तो सांगत नाही. सगळ्यांचं प्रेम आहे. एवढं प्रेम की माणसाला खड्ड्यात जाताना बघतील, पण हाक मारणार नाहीत. तिने पट्ट्या तशाच त्याच्या हातात परत दिल्या. “कापूस ठीक हाय, बाबा. दुसरंच काहीतरी सरकलंय.”

त्या संध्याकाळी शमशुद्दीन अंगणात बसून नारळ सोलत होता. शेंडी ठेवून बाकीचं सगळं साफ, काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत. मेहमुदा जवळ जाऊन बसली. सांगायचंच, असं ठरवून बसली.

“अजी.”

“हं.”

“मी म्हणती, तुमचा गुडघा दुखतोय, तर उद्या घरीच थांबा. कृष्णात बघेल की.”

तिला वाटलं, हा हसेल किंवा चिडेल. त्याने दोन्ही केलं नाही. नारळावरचा हात तसाच ठेवून तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत जे आलं ते तिने पासष्ट साली, फडकी गुंडाळतानाच्या पहाटे, रोज पाहिलं होतं.

“पिराजी तुला काय बोलला काय?” त्याने विचारलं.

आता एकच शब्द बोलायचा होता. व्हय. तो जिभेवर आलाही. तेवढ्यात तो घाईघाईने पुढे बोलू लागला, जणू तिने तोंड उघडू नये म्हणून. “मला ठाऊक हाय, पोरं पाठीमागं काय बोलत्यात. जुना झालाय म्हणत्यात. उद्या मठाच्या तालमीला हरवलं की गप बसतील सगळी. उद्याचा एक दिवस, मेहमुदा. ह्ये बघ, गाद्या भरणारे पेठेत आणखी धा हाईत. पण रस्त्यानं चाललो की लोक म्हणत्यात, म्यानेजर चालला. त्ये नसलं तर मी कोण? कापूस.”

“काय न्हाय बोलले पिराजीभाऊ,” मेहमुदा म्हणाली. “खरवस कसा झाला विचारत हुते.”

आणि आत जाऊन पिठात हात घातल्यावर तिला हुंदका आला. तो तिने भाकरी थापायच्या आवाजात दडवला.

रविवारी तिने पक्कं केलं. जेवायला बसला की सांगायचं. पाच महिने काय, पाच वर्षं न बोलला तरी चालेल. पण सामन्याच्या दिवशी शमशुद्दीन जेवत नसे, आणि एवढ्या वर्षांच्या संसारात ही साधी गोष्ट घाबरलेल्या डोक्यातून निसटली. ती ताट वाढून बाहेर आली तर खुंटीवरची शाल नव्हती, फळीवरचा नारळ नव्हता. दार उघडंच होतं.

चिमटा, तवा, चूल सगळं तसंच टाकून ती निघाली. आधी चालत, मग पदर कमरेला खोचून जवळजवळ पळत. वाटेत पेठेतली माणसं टोळक्याटोळक्याने स्टेडियमकडे चालली होती. त्यांनी वाट दिली आणि मागे कुजबुज केली. प्रत्येकाला माहीत होतं. पानपट्टीवाल्याला माहीत होतं, सायकलच्या दुकानातल्याला माहीत होतं. अख्ख्या पेठेत एकच माणूस असा होता की ज्याला माहीत नव्हतं, आणि तोच नारळ घेऊन पुढे गेला होता.

दरवाजावरच्या माणसाने हात आडवा धरला. “मावशी, वाट चुकलासा काय? हितं फुटबॉल हाय.”

“म्यानेजरची बायको हाय मी.”

तोंडातून निघून गेलं. त्याने अदबीने हात काढला. मेहमुदा आत शिरली आणि क्षणभर जागच्या जागी थिजली. दगडी पायऱ्यांवर माणसंच माणसं, सगळे पुरुष, आणि मध्ये एवढं मोठं मोकळं मैदान. इतकी वर्षं जो चेंडू मांडीवर घेऊन शिवला तो एवढ्या मोठ्या जागेत पळतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पलीकडच्या कडेला चिंचेच्या तालमीची पोरं पिवळ्या बनियनांत उभी होती. तिथे एकच खुर्ची होती. खुर्चीमागे कृष्णात उभा होता, बसत नव्हता. शमशुद्दीन खांद्यावर ती शाल टाकून कडेच्या दगडापुढे ओणवा झालेला तिला लांबूनच दिसला. ती दोरीच्या कडेकडेने पळत सुटली. पायऱ्यांवरून कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी ओरडलं, “आज बायका खेळणार काय रं?” आणि हशा पिकला. तिला काही वाटलं नाही. वाटायला वेळच नव्हता.

ती पोचेपर्यंत नारळ फुटला होता. एका घावात, दोन सरळ वाट्या. पेठेची पोरं ओरडली. शमशुद्दीनने चाकूने खोबरं काढलं आणि रीतीप्रमाणे एकेकाच्या हातावर ठेवत निघाला. पोरांनी वाकून पाया पडून घेतलं. कृष्णातने घेतलं. गुंडूने घेतलं आणि मुठीत दाबून धरलं. पिराजीने तुकडा तोंडात टाकला, आणि तो त्याच्या गालात तसाच राहिला, चाववेना की गिळवेना.

“शमशूभाई,” पिराजी खोबऱ्याआडून म्हणाला, “तुमची जागा वर मांडवात केलीया. पावण्यांच्या शेजारी. मानाची.”

“मान गुरुवारी झाला की गा. आता काम करू दे.” आणि तो खुर्चीवर बसला.

कृष्णात दोन पावलं मागे सरला. मेहमुदा दोरीपाशी येऊन थांबली, छाती भात्यासारखी चाललेली.

तेवढ्यात रेफरी खेळाडूंच्या नावांचा कागद घेऊन आला. परगावचा माणूस, त्याला पेठेतलं काहीच ठाऊक नाही. “चिंचेची तालीम? म्यानेजरनं इथं सही करायची.”

शमशुद्दीनने वरच्या खिशातून पेन काढलं. रेफरीने कागद पुढे केला, मग मागे घेतला.

“तुमचं नाव कृष्णात का?”

“न्हाय. त्यो माझा असिस्टंट. मी शमशुद्दीन नदाफ.”

“इथं म्यानेजर म्हणून कृष्णात लिहिलंय.”

“कारकुनानं चुकीचं लिवलं असंल,” शमशुद्दीन हसून म्हणाला. “खोडा की.”

“तसं कसं खोडू? तालमीच्या अध्यक्षांनी सांगितलं पाहिजे.”

शमशुद्दीन पिराजीकडे वळला. “सांग की गा ह्यांना.”

पिराजीच्या गालात खोबरं होतं. त्याने गाल हलवला, घसा हलवला, आणि मैदानाच्या मधोमध कुठेतरी बघत राहिला.

“गुंडू?”

गुंडूने मूठ आणखी आवळली.

“कृष्णात, तू तरी सांग, बाळा. तुझं नाव कसं काय लागलं?”

कृष्णातच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो सरळ उभा होता, राष्ट्रगीताला उभं राहावं तसा. पायऱ्यांवर शिट्ट्या वाढल्या. “चालू करा! चालू करा!” मठाच्या तालमीची माणसं मान उंच करून इकडे बघू लागली. रेफरीने घड्याळ पाहिलं.

“अहो, म्यानेजर कोण ते सांगा लवकर. कुणीतरी सांगा.”

शमशुद्दीनचं हसू तोंडावर तसंच होतं, पण त्याच्या मागचा माणूस निघून गेला होता. पेन धरलेला हात कागदावर कुठे ठेवायचा ते न कळल्यासारखा हवेत होता. मग त्याला दोरीपलीकडे मेहमुदा दिसली. घामेजलेली, केस सुटलेले, हाताला पीठ लागलेलं.

“तू हितं कशाला आलीस?” तो म्हणाला. आणि मग एकदम लहान आवाजात, बाकी कुणाला ऐकू जाऊ नये असा, “काय झालं, मेहमुदा?”

तिने दोरीखालून वाकून मैदानात पाय ठेवला. त्याच्या खुर्चीजवळ गेली. त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

“अजी,” ती म्हणाली, “तुम्हाला काढलंय. गुरुवारीच काढलं, माझ्यासमोर काढलं. म्यानेजर कृष्णात हाय. तुम्ही न्हाय.”